बाजारातील तयार व्हेज बर्गर पॅटींमध्ये चवीला आणि पोषणाला सरस कोणती?

आपण विचारले आहे की, तालुक्याच्या दुकानातील डीप फ्रीजरमध्ये बर्गरच्या तीन-चार प्रकारच्या शाकाहारी पॅटी आता मिळू लागल्या आहेत, अकरा वर्षांची मुलगी त्यांच्यासाठी हट्ट धरते, तर त्यांपैकी चवीला आणि पोषणाला बरी कोणती? मी वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते. पाकिटावरील मजकूर वाचणे हा आमच्या अभ्यासाचाच भाग असल्यामुळे या पॅटी आम्ही वर्गात वाचूनही पाहतो आणि भाजून खाऊनही पाहतो. माझे मत आधीच सांगून टाकते: चवीत बटाट्याची पॅटी पुढे आहे, पोषणात सोयाबीनची, आणि मुलीला नेहमी द्यायची असेल तर मी सोयाबीनची घेईन.

हा फरक पाकिटाच्या दर्शनी बाजूवरून कळत नाही. तिथे मटार, गाजर, मका, फरसबी असे सगळे काही ताजेतवाने दिसते. पाकीट उलटून घटकांची यादी पाहावी. आपल्याकडील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. नुसते ‘व्हेज बर्गर पॅटी’ म्हणून जे विकले जाते त्यातील बहुतेक पाकिटांवर पहिले नाव बटाट्याचे असते, त्यानंतर थोड्या भाज्या, ब्रेडचा चुरा, मैदा किंवा स्टार्च आणि तेल. अशा पॅटीत 100 ग्रॅममागे साधारण 3 ते 5 ग्रॅम प्रथिने असतात. एक पॅटी 60 ग्रॅमच्या आसपास धरली तर मुलीच्या पोटात जेमतेम दोन-तीन ग्रॅम जातात. ज्या मैद्याच्या बनमध्ये ती घालतो त्या 50-60 ग्रॅमच्या बनमध्ये मात्र चार ते पाच ग्रॅम प्रथिने असतात. पॅटीपेक्षा पावातच प्रथिने जास्त, हे गणित फळ्यावर मांडले की मुलींना ते दर वेळी खोटे वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 33 ग्रॅम प्रथिने लागतात, त्यावरून या दोन-तीन ग्रॅमचे मोल आपणच ठरवावे.

चवीत मात्र बटाट्याची पॅटी सहसा हरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कारखान्यात ती एकदा अर्धवट तळूनच गोठवलेली असते, त्यामुळे घरी तव्यावर टाकली तरी वरचे आवरण पटकन कुरकुरीत होते आणि आतला बटाटा मऊ राहतो. आलूबोंड्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला ही चव ओळखीचीच असते. उणीव एवढीच की ती गरम असेपर्यंतच चांगली लागते. थंड झाल्यावर आवरण ओलसर पडते आणि आतला गर कोरडा होतो, म्हणून डब्यात देण्यासाठी ती उपयोगाची नाही.

सोयाबीनची पॅटी ज्या पाकिटात खरोखरच सोयाबीनची असते, तिथे यादीच्या सुरुवातीलाच ‘सोया प्रथिन’ किंवा ‘टेक्स्चराइज्ड सोया’ असे शब्द दिसतात. पाणी पहिले आणि सोया दुसरे असले तरी बिघडत नाही, कारण कोरडा सोया भिजवूनच वापरावा लागतो; बटाटा पहिला आणि सोया पाचवा असेल तर मात्र ती बटाट्याचीच पॅटी समजावी. सोयाबीन आपल्या शेतांतून तेलाच्या कारखान्यात जाते, तिथे त्यातील 18 ते 20 टक्के तेल निघते, आणि उरलेल्या भागात प्रथिनांचे प्रमाण वाढून निम्म्याच्या आसपास येते. हेच तेल काढलेले पीठ उष्णतेने आणि दाबाने यंत्रातून काढले की दुकानात मिळणाऱ्या सोयावड्या तयार होतात, ज्यांच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 52 ग्रॅमच्या आसपास प्रथिने छापलेली आढळतात. पॅटीत पाणी, तेल आणि इतर जिन्नस मिसळल्यावर हा आकडा बराच उतरतो. तरी चांगल्या सोया पॅटीत 100 ग्रॅमला 10 ते 15 ग्रॅम मिळतात, म्हणजे बटाट्याच्या पॅटीच्या सुमारे तिप्पट. शिवाय गव्हात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि सोयाबीनमध्ये ते भरपूर असते, त्यामुळे पाव आणि सोया एकत्र खाल्ल्याने एकाची कमतरता दुसरे भरून काढते.

तिची चव सगळ्यांना लगेच आवडत नाही. सोयाबीनला स्वतःचा एक कच्चट, कडधान्यासारखा वास असतो. हलक्या प्रतीच्या पॅटीत तो मसाल्याच्या आडूनही येतो. चावताना ती किंचित चिवट लागते, काही मुलांना हेच आवडते आणि काही मुले तोंड वाकडे करतात. लसूण-मिरचीचा ठेचा थोड्या दह्यात कालवून पावाला लावला आणि वर कच्चा कांदा व चिरलेला सांबार (कोथिंबीर) टाकला तर हा वास फारसा जाणवत नाही, हा आमच्या वर्गाचा अनुभव आहे.

पनीरची पॅटी चवीला सौम्य आणि मुलांना आवडणारी असली तरी ‘पनीर’ हे नाव यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नये. मका-चीजची पॅटी पोषणाच्या चर्चेत धरण्याचे कारण नाही, ती खाऊ म्हणूनच खावी.

मांसासारखी चव देणाऱ्या वनस्पतिजन्य पॅटींबद्दलही आपण वाचले असेल. अमेरिकेत बियाँड आणि इम्पॉसिबल या दोन कंपन्यांच्या पॅटी प्रसिद्ध आहेत, आणि 113 ग्रॅमच्या एका पॅटीत साधारण 19 ते 20 ग्रॅम प्रथिने हा त्यांचा आकडा खरोखरच मोठा आहे. बियाँडचा आधार वाटाण्याच्या प्रथिनांवर आहे, इम्पॉसिबलचा सोयाबीनवर. सोयाबीनचे झाड उपटून मुळावरची गाठ फोडली तर आत जो गुलाबी रंग दिसतो, तो लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो. तेच प्रथिन यीस्टच्या साहाय्याने तयार करून इम्पॉसिबलच्या पॅटीला मांसाचा रंग आणि वास दिला जातो. आपल्या शेतकऱ्यांनी हा रंग अनेकदा पाहिलेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मांसाची चव जिभेला नको असलेल्या शाकाहारी घरात मात्र या प्रकाराचे काही काम नाही. त्यांतील अनेकांत खोबरेल तेलामुळे संपृक्त चरबी बरीच येते, आणि बांधणीसाठी वापरलेले मिथाइल सेल्युलोज गरम असताना घट्ट व थंड झाल्यावर सैल होत असल्यामुळे तीही गरमच खावी लागते.

मीठ ही या सगळ्याच प्रकारांची दुखती बाजू आहे. पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. म्हणजे 400 मिलिग्रॅम सोडियम असेल तर एक ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, मुलांसाठी त्याहूनही कमी. पाव, सॉस आणि चीज यांचे मीठ वेगळेच. दोन पाकिटांची तुलना करताना नेहमी 100 ग्रॅमचा रकाना पाहावा, कारण ‘एका सर्व्हिंगचे’ वजन प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते.

आपल्या भागात याहून मोठा प्रश्न फ्रीजरचा आहे, आणि शहरातील सल्ल्यांमध्ये तो सहसा नसतो. हा माल उणे 18 अंशांवर राहायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांवर जातो, लाइन तासन्‌तास जाते, आणि दुकानातील माल वितळून पुन्हा गोठतो. असे पाकीट हाताला कळते: पॅटी एकमेकींना चिकटलेल्या किंवा वाकड्या झालेल्या असतात, आणि आत बर्फाचे खडे खुळखुळतात. असा माल कोणत्याही कंपनीचा असला तरी परत ठेवावा. गाव पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून न्यावे, आणि वाटेत पॅटी मऊ पडल्याच तर पुन्हा न गोठवता त्याच संध्याकाळी करून संपवाव्यात.

करताना कढईत तळू नये. पाकिटावरचे आकडे तळण्याआधीचे असतात आणि घरी शोषले जाणारे तेल त्यांत धरलेले नसते. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर दोन्ही बाजू भाजल्या की पुरते.

दुकानात बटाट्याचीच पॅटी मिळत असेल तर तिच्यासोबत वाटीभर मुगाची उसळ किंवा दही द्यावे, म्हणजे प्रथिनांची कमतरता भरून निघते. आणि मुलीला हौस बर्गरच्या आकाराची असेल, पॅटीचा आग्रह नसेल, तर आपल्याकडे बरबटीचे (चवळीचे) वडे करतातच. भिजवून भरड वाटलेल्या बरबटीचा वडा जरा चपटा थापून तव्यावर भाजावा आणि बनमध्ये घालावा. कोरड्या बरबटीत 100 ग्रॅमला 20 ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, मीठ आपल्या हातात राहते, आणि त्यासाठी फ्रीजरही लागत नाही.