स्वातंत्र्यासाठी देश निवडताना आधी व्हिसाच्या अटी वाचाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करता, तुमचे यजमान स्टाफ नर्स आहेत, आंतरजातीय विवाहामुळे दोन्ही घरांतला ताण अजून निवळलेला नाही, आणि राजकीय विषयांवर लिहिण्याची सवय असल्यामुळे मोकळेपणाने राहता-बोलता येईल असा देश तुम्हाला हवा आहे. दुबई, सिंगापूर, कॅनडा, न्यूझीलंड आणि आयर्लंड यांतून निवड करताना स्वातंत्र्याच्या जागतिक निर्देशांकांवर भिस्त ठेवावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी धरमपेठेत वाढले आणि सध्या डब्लिनमध्ये राहते, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे तुम्ही गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

निर्देशांक पाहावेत, पण ते मुख्यतः त्या देशाच्या नागरिकांचे स्वातंत्र्य मोजतात, आणि तुम्ही पहिली कित्येक वर्षे तिथल्या नागरिक नसाल. अमेरिकेच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्याची हमी १७९१ पासून आहे. तरीही एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर त्याला साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो किंवा देश सोडण्याची तयारी करावी लागते, आणि ग्रीन कार्डासाठी एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग संपता संपत नाही. ज्याचे वास्तव्यच वरिष्ठाच्या मर्जीवर टिकून आहे, तो मोर्चात घोषणा देताना दहा वेळा विचार करतो. म्हणून व्हिसा मालकाच्या हातून किती लवकर सुटतो आणि मताचा अधिकार कोणत्या टप्प्यावर मिळतो, हे दोन प्रश्न मी आधी विचारीन.

या कसोटीवर दुबई लगेच बाद होते. अमिरातीत विवाहाविना एकत्र राहणे २०२० च्या सुधारणांनंतर गुन्हा राहिले नाही, हे खरे. पण राजकीय पक्षांना तिथे मुळातच परवानगी नाही आणि ऑनलाइन लेखनावरचे कायदे कडक आहेत. सिंगापूरमध्ये स्वच्छता, सुरक्षितता आणि पगार सगळे आहे. परंतु सभा-निदर्शनांसाठी राखून ठेवलेल्या हाँग लिम पार्कमधल्या स्पीकर्स कॉर्नरच्या निदर्शनातही परदेशी नागरिकाला परवान्याविना सहभागी होता येत नाही. संविधान चौकातल्या धरण्यांची आणि हिवाळी अधिवेशनातल्या मोर्चांची सवय असलेल्या तुम्हाला तिथे गुदमरल्यासारखे होईल.

कॅनडाचा मोठा गुण असा की एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर आधारलेल्या पद्धतीतून निवड झाली तर स्थायी वास्तव्य थेट हाती येते आणि नोकरी बदलण्यास कोणाला विचारावे लागत नाही. मताधिकार मात्र नागरिकत्वानंतरच, आणि त्यासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहावे लागते. न्यूझीलंड याबाबतीत फार उदार आहे: रेसिडेंट व्हिसा मिळाल्यावर, तिथे सलग वर्षभराचे वास्तव्य झालेले असले की संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. तुमच्या यादीत ब्रिटन नाही याचे मला आश्चर्य वाटले, कारण राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून भारतीयाला तिथे कामाच्या व्हिसावर असतानाही संसदेसाठी मतदान करता येते. अडचण अशी की तो व्हिसा मालकाला बांधलेला असतो आणि स्थायिक होण्याचे नियम तिथे सध्या कडक होत चालले आहेत.

आयर्लंड कॅनडा आणि न्यूझीलंड या दोन टोकांच्या मधे बसते. क्रिटिकल स्किल्स परमिटवर, म्हणजे टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीच्या कामाच्या परवान्यावर आल्यास साधारण दोन वर्षांनी स्टॅम्प ४ मिळू शकतो, म्हणजे त्यापुढे कामासाठी वेगळा परवाना लागत नाही. जोडीदारालाही आल्यापासून नोकरी करण्याची मुभा असते. संसदेसाठी मत नागरिकांना, पण स्थानिक निवडणुकीत कोणत्याही देशाच्या रहिवाशाला मत आहे. जून २०२४ च्या निवडणुकीआधी एक उमेदवार पावसात भिजत आमच्या दारी आला. बसथांब्याला छप्पर नाही ही माझी तक्रार त्याने वहीत टिपली आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे होते, अगदी नागपूर पदवीधर मतदारसंघात लिहितो तसेच. छप्पर अजून झालेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डब्लिनमध्ये भाड्याचे घर मिळवणे हे नोकरी मिळवण्यापेक्षा अवघड आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. रात्री एकटीने कुठल्या रस्त्याने जायचे, याचा विचार मी आता करते.

घरच्यांपासून दूर गेल्यावर जातीचा प्रश्न सुटेल, असे तुमच्या पत्रातून जाणवते. कुटुंबाचा दाब नक्की कमी होतो. पण आडनावावरून जात काढण्याची सवय विमानातून सोबत येते, आणि गणेशोत्सवाच्या पंगतीत ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नामागचा खरा प्रश्न तुम्ही लगेच ओळखाल. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घातली. अमेरिकेतले असे ते पहिले शहर. आयर्लंडच्या समानतेच्या कायद्यात भेदभावाची नऊ कारणे सांगितली आहेत, त्यांत जातीचा उल्लेख नाही.

लिहिणाऱ्या माणसाने नागरिकत्वाचा विचार अधिक जपून करावा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे जाते. नंतर मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतात पत्रकारिता किंवा संशोधन करायचे तर विशेष परवानगी लागते. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात राहिलात, तर अर्ज ६-अ भरून नागपूरच्या यादीत नाव राखता येते. मतदानाला मात्र स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते. मी अजून पासपोर्ट बदललेला नाही, आणि बदलण्याची घाई तुम्हीही करू नये.

तुमच्या जागी मी असते तर न्यूझीलंड आणि आयर्लंड एवढीच दोन नावे यादीत ठेवली असती. सुरुवात तुमच्या नोकरीच्या अर्जांपासून नव्हे, यजमानांच्या नर्सिंग नोंदणीपासून करावी, कारण इंग्रजीची परीक्षा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून होणारी पडताळणी आणि तिकडच्या परिषदेची छाननी यांतच बरेच महिने जातात. तेवढ्या काळात विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण, करून घ्यावे. नावांची स्पेलिंगे पासपोर्टशी जुळत नसतील, तर आधी ती दुरुस्त करून मगच ते पुढे पाठवावे.