मातीतून मिळालेला बॅसिलस बाजारात आणायचाय: आधी पेटंट की आधी कंपनी?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये पनवेलजवळच्या शेतातून बॅसिलस जातीचा एक जिवाणू मिळाला, तो प्रयोगशाळेतल्या प्लेटवर फॉस्फेट विरघळवतो, फ्युजेरियम बुरशीलाही अडवतो, आणि ऐरोलीत राहूनच त्याचा धंदा उभा करायचाय. पेटंट आणि कंपनी, दोन्ही थांबू द्या. आधी पाकिटावर काय छापणार ते ठरवा. रबाळे-महापे पट्ट्यात फर्मेंटेशनच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला तरी हाच पहिला प्रश्न वाटतो.

कारण जिवाणू एकच असला तरी दावा बदलला की कायदा बदलतो. 'फॉस्फेट विरघळवणारं जैविक खत' म्हणालात तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश. त्यात पावडरला ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी लागतात, द्रवरूपाला मिलिलिटरमागे १० कोटी, आणि प्लेटवर फॉस्फेट विरघळून दिसणारं स्वच्छ वर्तुळ (झोन) निदान ५ मिलिमीटरचं. हे तुमच्या आवाक्यातलं आहे. पण फ्युजेरियममुळे होणाऱ्या 'मर रोगावर उपाय' असं छापलंत की तीच बाटली १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात जाते. मग फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी, प्राण्यांवरच्या विषाक्तता चाचण्या, शेतातल्या परिणामकारकतेच्या चाचण्या, साठवणीतल्या टिकाऊपणाचा डेटा. लाखो रुपये आणि काही हंगाम त्यात जातात. दोन्ही गुण एकाच लेबलवर मिरवायचा मोह होईल, आवरा.

मी तुमच्या जागी असतो तर तिसराच दावा घेतला असता: सोसायटीतला ओला कचरा कुजवणारं कल्चर. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं गेलं. ऐरोली, खारघर, घोडबंदर रोडवर कंपोस्टचे पिट आहेत आणि त्यांच्या वासावरून सभांमध्ये भांडणं आहेत. कचरा कुजवायला म्हणून विकलेल्या कल्चरला वरचे दोन्ही कायदे लागत नाहीत. (तयार झालेलं कंपोस्ट कोणी खत म्हणून विकायला काढलं तर मात्र खत आदेश आलाच.) तुमचा बॅसिलस स्टार्च, प्रथिनं, सेल्युलोज तोडतो का ते साध्या प्लेटवर कळेल. बहुतेक बॅसिलस यातलं काही ना काही करतात. सेक्रेटरीला काउंट (जिवंत पेशींची संख्या) कळत नाही, वास कळतो. आठवड्यात फरक पडला तर पुढच्या महिन्याची ऑर्डर येते, आणि त्या पैशावर खताच्या परवान्याची तयारी होते.

मात्र कोणालाही नमुना वाटण्याआधी एक गोष्ट करा. मातीतला बॅसिलस म्हणजे निरुपद्रवी सबटिलिस ही प्रजातीच असेल असं नाही. बॅसिलस सेरियसही मातीतच राहतो आणि तो माणसाला अन्नविषबाधा करतो. नुसत्या १६एस सिक्वेन्सिंगने (जिवाणू ओळखायची नेहमीची जनुकीय चाचणी) सेरियस आणि त्याचे सख्खे भाऊ नीट वेगळे होत नाहीत. ब्लड अगारवर हिमोलिसिस, म्हणजे तो रक्तपेशी फोडतो का, ते बघा आणि चांगल्या प्रयोगशाळेतून पक्की ओळख करून घ्या. पिटमध्ये हाउसकीपिंगची माणसं उघड्या हातांनी काम करतात. सेरियस निघाला तर हा जिवाणू सोडा, दुसरा शोधा.

आता कारखान्याच्या गाळ्याचं. गाळा लगेच भाड्याने घेऊ नका, जॉब वर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात पैसे देऊन, बॅच काढून घ्या. फ्लास्कमध्ये मिळालेला काउंट शंभर लिटरच्या फर्मेंटरमध्ये आपोआप मिळत नाही: ऑक्सिजन कमी पडतो, फेस चढतो, आणि न्यूट्रियंट ब्रॉथ त्या प्रमाणात परवडत नाही. मळी (मोलॅसिस) आणि सोयापेंड यांसारख्या स्वस्त खाद्यावर तुमचा जिवाणू कसा वाढतो ते फ्लास्कमध्येच आधी बघून घ्या. बॅसिलसचा मोठा फायदा म्हणजे स्पोअर, म्हणजे उष्णतेत आणि कोरडेपणात टिकणारं त्याचं सुप्त रूप. वाढ शिगेला पोचली की घाईने बॅच काढणारे खूप आहेत. बहुतेक पेशी स्पोअर होईपर्यंत थांबा. माल पुढे कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली मे महिना काढणार असतो, आणि तिथे स्पोअरच टिकतात. पाकिटं ४० अंशांना ठेवून दर महिन्याला काउंट घ्या, मगच मुदत छापा. प्रत्येक बॅचचा नमुना स्वतःकडे ठेवा, आणि मदर कल्चर (ज्यातून प्रत्येक बॅच वाढवता तो मूळ जिवाणू) जॉब वर्कवाल्याकडे कधीच सोडू नका.

पेटंटचं थोडक्यात. निसर्गात जसा सापडला तसा जिवाणू भारतात पेटंट होत नाही. तुमचं फॉर्म्युलेशन किंवा प्रक्रिया नवी असेल तर होऊ शकतं. त्यासाठी कल्चर पुण्याच्या एमसीसी किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहांत जमा करता येतं. भारतीय मातीतला जीव असल्यामुळे जैवविविधता कायदाही येतो, म्हणून अर्जाआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचून घ्या. प्रोजेक्ट कॉलेजचा होता, तेव्हा हक्क कोणाचा याचं पत्र गाईडकडून आजच मागा. कंपनी निघाल्यावर ते पत्र मिळणं अवघड जातं.

पैशासाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची 'बिग' योजना बघा: कल्पना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत, ५० लाखांपर्यंत अनुदान. पण ते कल्पनेतल्या नवेपणाला मिळतं, कंपोस्ट कल्चरला मिळणं कठीण. अर्ज त्या फ्युजेरियमवाल्या गुणावर करा.