महादूत आठव्या पायरीवर, मग मायकल सेनापती कसा?

प्रश्न : हणजूणचे चर्च सेंट मायकलचे. त्याला देवदूतांचा सेनापती म्हणतात, पण नऊ श्रेणींच्या तक्त्यात महादूत खालून दुसरे! हे जुळते कसे? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : घोळ तक्त्यामुळे होतो. ही नऊ श्रेणींची उतरंड बायबलात सलग कुठेच नाही. इसवी सन 500 च्या सुमारास डायोनिशियस या टोपणनावाने लिहिणाऱ्याने ती लावली : सर्वांत वर सेराफीम, तळाशी अधिपती, महादूत, देवदूत. बायबलाच्या नव्या करारात ‘आद्यदेवदूत’ (म्हणजेच महादूत) दोनदाच येतो : 1 थेस्सलनीकाकरांस 4:16 आणि यहूदा 9. त्यात नावानिशी एकटा मायकल. दानिएल 10:13 मात्र त्याला प्रमुख अधिपतींपैकी (इथे सरदार या अर्थी, श्रेणी नव्हे) एक म्हणतो, म्हणजे त्या तोलाचे आणखी आहेतच. पोप ग्रेगरींनी हुद्दा कामावरून ठरवला; थोर निरोप नेतो तो महादूत. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसही त्याच वाटेने गेले : मरियेला निरोप देणारा गॅब्रिएल सर्वोच्च श्रेणीतला नव्हे, महादूतांतला सर्वोच्च. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत मायकल हा स्वर्गीय सैन्याचा सरसेनापती, त्याचा सण 8 नोव्हेंबरला. आमच्या मते सेनापतिपद हे नेमणुकीचे, श्रेणीतल्या जागेवरून ते मोजू नये.

प्रश्न : दारावर आलेले प्रचारक म्हणाले, मायकल म्हणजेच येशू. – एक वाचक, मडगाव

उत्तर : ते बहुधा यहोवाचे साक्षीदार या पंथाचे; ते ख्रिस्ताला देवाने निर्मिलेला मानतात. त्यांचा आधार थेस्सलनीकाकरांचेच वचन : प्रभू आद्यदेवदूताच्या वाणीसह उतरेल. पण त्याच वाक्यात देवाचा कर्णाही वाजतो. कर्ण्यावरून कोणी ओळख ठरवत नाही. शिवाय इब्री 1:5 विचारते, देवाने कोणत्या दूताला ‘तू माझा पुत्र’ म्हटले? सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा दुसरा पंथही मायकल म्हणजे ख्रिस्त असे मानतो, पण ख्रिस्ताला निर्माण केलेला नव्हे, पूर्ण देव मानून. दानिएल 12 मधला मायकल ख्रिस्तच, असे धर्मसुधारक कॅल्विनही लिहून गेले. तेव्हा वाद घालायचाच तर आधी एवढेच विचारा : तुमचा मायकल निर्मिलेला की अनिर्मित? साक्षीदार आणि ॲडव्हेंटिस्ट या दोघांना एकाच मापाने मोजले की वाद भलतीकडेच जातो.

प्रश्न : प्रार्थनेच्या एका पुस्तिकेत सात महादूतांची नावे आहेत. लदिनीला (घरच्या सामूहिक प्रार्थनेला) म्हणावीत का? – एक वाचक, ताळगाव

उत्तर : कॅथलिक घरात मायकल, गॅब्रिएल, राफाएल एवढीच. उरिएल वगैरे नावे एनोख आणि 2 एस्द्राससारख्या कॅथलिक बायबलाबाहेरच्या ग्रंथांतली. 745 साली रोमच्या धर्मसभेने उरिएल, रागुएल अशी नावे घालून रचलेली प्रार्थना नाकारली. 2001 च्या व्हॅटिकन निर्देशिकेतही या तिघांपलीकडे देवदूतांना नावे देऊ नयेत असे आहे. सात हा आकडा तोबीत 12:15 चा. तिथे राफाएल स्वतःला सातांपैकी एक म्हणवतो, बाकीच्यांची नावे सांगत नाही. घरचे मराठी बायबल 66 पुस्तकांचे असेल तर तोबीत त्यात सापडणार नाही, कॅथलिक आवृत्ती घ्या. ऑर्थोडॉक्स चित्रांत उरिएल दिसतो, पण तो त्यांचा प्रघात.