वाचकांचे प्रश्न : पिंजऱ्यातला प्राणी आणि कविता

प्रश्न : प्राणिसंग्रहालयात एक बिबट्या गजांलगत एकसारख्या येरझारा घालताना पाहिला आणि ते दृश्य मनातून जाईना. बंदिस्त प्राण्यांच्या दुःखावर मराठीत जुनी कविता आहे काय? आणि अशी कविता म्हणजे माणसाने आपलेच दुःख प्राण्याच्या तोंडी घालणे नव्हे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि तिची एक ओळ आपण कित्येकदा उच्चारली असेल. ‘कठिण समय येता कोण कामास येतो’ हे वचन आपण नातेवाइकांच्या नावाने बोटे मोडताना वापरतो. परंतु रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंती आख्यानात ते पकडल्या गेलेल्या हंसाच्या प्रसंगी येते. तळ्याकाठी झोपलेल्या हंसाला नळराजा पायताणे काढून, दबकत जाऊन हाताने धरतो, बाकीचे पक्षी भिऊन उडून जातात, आणि कवी म्हणतो, ‘स्वजन, गवसला जो, त्याजपाशी नसे तो’. त्यापुढची ओळ म्हणजे आपली म्हण. (रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ अनेकांना आठवेल, पण तिच्यातली पक्षीण जखमी आहे, बंदिस्त नव्हे.)

आपल्या शंकेचा रोख मात्र नेमका या हंसावरच येतो. तो अगदी माणसासारखा बोलतो : आई म्हातारी आहे, तिला उडवत नाही, बायको नुकतीच बाळंत झाली आहे. ही विनवणी श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या संस्कृत महाकाव्यातही आहे. तिच्यातले दुःख संसारी माणसाचे आहे हे खरे, तरी मी तिला खोटी म्हणणार नाही, कारण ती ज्याने धरले त्यालाच उद्देशून आहे, आणि ती ऐकून नळाचे मन द्रवते व तो हंसाला सोडून देतो.

आपण पाहिलेल्या बिबट्यासमोर असा कोणी नळ नव्हता. त्याच्यासाठी जर्मन कवी राइनर मारिया रिल्के यांची ‘पँथर’ ही कविता वाचावी. पॅरिसमधल्या ‘जार्दां दे प्लांत’ या उद्यानातील प्राणिसंग्रहालय पाहून लिहिलेली ही कविता त्यांच्या 1907 च्या संग्रहात आहे. चार ओळींची तीनच कडवी, आणि त्यांत प्राणी एक अक्षरही बोलत नाही. गज डोळ्यांपुढून सरकत राहिल्याने नजर इतकी थकली आहे की तिच्यात काही ठरत नाही. जणू हजार गज आहेत आणि गजांपलीकडे जगच नाही. मऊ, दमदार पावले अगदी लहानशा वर्तुळात फिरतात आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी एक मोठी इच्छाशक्ती बधिर होऊन उभी असते. ‘अरेरे’ म्हणण्याची कवीला गरजच वाटत नाही. ज्या येरझारांनी आपण अस्वस्थ झालात, त्यांना प्राणिवर्तनाचे अभ्यासक आज बंदिवासातल्या कोंडलेपणाचे लक्षण मानतात. कवीने त्या शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केवळ टक लावून पाहून टिपल्या.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नेहमीच नव्हे’ असे आहे. रिल्केंनी प्राण्याच्या मनात शिरण्याचे धाडस फक्त शेवटच्या कडव्यात केले आहे, आणि तिथेही त्यांना सापडते ते एवढेच : कधी तरी बुबुळावरचा पडदा हळूच उघडतो, एक चित्र आत जाते, ताणलेल्या अवयवांच्या निश्चलतेतून पुढे सरकते आणि हृदयात पोचताच नाहीसे होते.