गांडूळ, हुमणी की सूत्रकृमी? औषधाआधी ओळख पटवा

प्रश्न: पाऊस झाल्यापासून जमिनीत गांडुळं फार दिसतात आणि पिकाची काही रोपं सुकली आहेत. आमच्याकडे कोणी याला काडू म्हणतं, कोणी दानवं. गांडूळ नेमकं कशाला म्हणायचं? कोणतं दाणेदार औषध टाकू?

उत्तर: तूर्त कोणतंच टाकू नका. सुकलेल्या रोपाच्या बुडाशी फावडं घाला आणि सापडेल तो जीव तळहातावर घेऊन बघा.

गांडुळाला पाय नसतात, डोळे नसतात, दातही नसतात. अंगभर वलयं असतात आणि वाढ पूर्ण झाली असेल तर तोंडाकडच्या बाजूला एक फुगीर, फिकट पट्टा दिसतो. ते कुजका पाला आणि माती गिळतं. जिवंत मुळी कुरतडणं त्याला जमतच नाही. श्वास ओल्या कातडीतून घेतं आणि जोराच्या पावसानंतर वर येतं. तेवढ्यावरून रोपं मेल्याचा आळ त्याच्यावर घेऊ नका.

काडू आणि दानवं ही त्याचीच नावं. संस्कृतात त्याला गण्डूपद म्हणत. गण्डू म्हणजे गाठ किंवा सांधा. अंगावरची वलयं पाहिली की नाव पटतं. 'गांडूळ' हा शब्द त्याच कुळातला. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, गण्डूपदाशेजारीच 'किञ्चुलुक' आहे, हिंदीतला केंचुआ तिथूनच आला.

हातावर पांढरट, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची आणि सहा पायांची अळी आली, तर ती हुमणी. मुळ्या खाते ती हीच. तिच्यासाठी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम ही किडींना मारणारी बुरशी मिसळून ओलाव्यावर द्या. पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे प्रौढ भुंगेरे रात्री झाडं हलवून गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. हा उपाय गावाने मिळून केला तरच उपयोगी पडतो.

काहीच सापडलं नाही, पण मुळीवर गाठी आहेत? मग सूत्रकृमीचा, म्हणजे मुळीत शिरणाऱ्या धाग्यासारख्या बारीक कृमीचा संशय घ्या; तो सहसा डोळ्यांना दिसत नाही. कडधान्याच्या मुळीवरची गाठ मात्र नीट तपासा. बोटाने सहज निखळली आणि आतून गुलाबी निघाली, तर ती नत्राची गाठ, पिकाच्या भल्याची. मुळीच सुजून गाठ झाली असेल, तर मुळ्यांसकट ओली माती पिशवीत बांधून तपासणीला पाठवा.

घरात फोरेट हे जुनं दाणेदार कीटकनाशक पडून असेल तर ते वापरू नका. भारतात त्यावर 2020च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि गांडुळांना ते जहालच आहे.