वाचकांचे प्रश्न : टायरवरची रेघ

प्रश्न : जुन्या अमेरिकन मसल कारच्या टायरला असायची तशी लाल रेघ माझ्या काँटेसाला हवी आहे. टायरवाला म्हणतो, रबरी रिंग बसवून देतो. बसवावी का? की रंगवून घ्यावी? (नौपाडा, ठाणे)

रिंग अजिबात नको. ती रिम आणि टायरच्या मध्ये अडकवतात. चाक फिरताना टायरची बाजू रस्त्यालगत फुगते आणि वर गेली की पुन्हा सरळ होते. रेडियलमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांना असतात त्या मऊ बाजूच्या टायरमध्ये, हे जास्तच. प्रत्येक फेरीला रिंग घासते, आत बारीक खडी शिरते आणि बाजूच्या पातळ रबरावर गोल खाच पडते. रिंगखाली असल्याने ती दिसतही नाही. घोडबंदर रोडला वेगात असताना टायर फुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

१९६४च्या पाँटिअॅक जीटीओ या मसल कारवरची लाल रेघ रंगवलेली नव्हती. अशा टायरच्या बाजूत घडवतानाच रंगीत रबराचा थर घालतात, वर पातळ काळा थर देतात. टायर साच्यातून निघाला की हा काळा थर घासून काढतात आणि रेघ उघडी पडते. अमेरिकेतली कोकर टायर कंपनी आजही असे टायर विकते. तुमच्या मापात मिळाले तर तेच घ्या, खर्च सार्थकी लागेल.

नाहीतर टायरसाठीचा लवचीक रंग वापरा. साधा ऑइल पेंट पहिल्याच आठवड्यात तडकतो. टायर चाकावर चढवून, नेहमीची हवा भरूनच काम करा, कारण हवेप्रमाणे बाजूचा आकार बदलतो. साबण आणि ब्रशने धुवा. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. रेघेपुरतीच जागा ३२० नंबरच्या वॉटर पेपरने चमक जाईल इतकीच घासा, खोल नको. मग बाकीच्या चाकांना दगड लावून हे चाक जॅकवर उचला आणि गाडीखाली स्टँड द्या. खडू एका पक्क्या आधारावर टेकवून चाक हाताने फिरवा : वर्तुळ अचूक येते. मागच्या चाकासाठी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सैल. रेघ साधारण १० मिलिमीटर रुंद ठेवा आणि टायरच्या सर्वांत फुगीर भागापेक्षा रिमच्या बाजूला घ्या. फुगीर भाग फुटपाथला घासतो. वळणाला वळणारी बारीक मास्किंग टेप लावून तीन पातळ हात द्या. जाड एक हात दिला की सालपट निघते. चोवीस तास गाडी हलवू नका.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत रंग नीट धरत नाही. शिवाय रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात घातलेलं मेण हळूहळू वर येतं आणि रंगाला खालून सोडवतं. त्यामुळे अधूनमधून कडा दुरुस्त कराव्या लागणारच.

प्रश्न : अँबॅसॅडरच्या टायरचा पांढरा पट्टा पिवळट-तपकिरी झालाय. रॉकेलने पुसू का? (नेरूळ, नवी मुंबई)

रॉकेल, पेट्रोल, ब्लीच, काहीच नको. काळ्या रबरातली उन्हा-ओझोनपासून वाचवणारी रसायनं सरकत पांढऱ्यात येतात आणि उन्हात तपकिरी होतात; रॉकेल रबर फुगवून हा प्रवास आणखी सोपा करतं. साबणाचं कोमट पाणी आणि नायलॉन ब्रश वापरा. डाग राहिला तर ४०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त पट्ट्यावर, गोलाईच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने. काळ्या भागावर सिलिकॉनचं टायर पॉलिश मारत असाल तर ते आधी बंद करा. नव्या टायरवरचा निळा थर हा वाहतुकीपुरता असतो. बसवल्यावर लगेच धुवून टाका.

प्रश्न : १९६०च्या दशकातल्या मसल कारचा टायर एफ७०-१४ लिहिलेला आहे. आज कोणता घ्यायचा? (वाशी, नवी मुंबई)

‘एफ’ भारक्षमतेची खूण, ७० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी, १४ इंची रिम. आजचं जवळचं माप २१५/७० आर १४. जुना पडून असलेला माल कुणी ‘नवा’ म्हणून देत असेल तर बाजूवरचा चार आकडी कोड वाचा : ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असली तरी तो फक्त प्रदर्शनात उभ्या गाडीलाच लावा. आणि एकाच अॅक्सलवर एक नायलॉन (जुन्या पद्धतीचा, तिरक्या धाग्यांचा टायर), एक रेडियल असं कधीही करू नका. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.