३१ ठिकाणांची यादी आणि ६ लाखांचं लोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब, दोघंही नोकरीला, महिन्याला मिळून १ लाख १५ हजार हातात येतात, शिवाय दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बोनस. मुलगी १० वर्षांची. मोबाईलमध्ये ३१ ठिकाणांची बकेट लिस्ट, पाच वर्षांत त्यातलं एकही झालेलं नाही. आता फेब्रुवारीत नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणारे रंगीत प्रकाश, बघायला जायचंय, ९ दिवसांचं चार देशांचं ग्रुप पॅकेज, तिघांचे ९ लाख. ३ लाख सेव्हिंगला आहेत, उरलेले ६ लाख पर्सनल लोन, १३ टक्के, ३ वर्षं. हप्त्यासाठी १५ हजारांची एसआयपी बंद करायची आणि वरचे ५ हजार "कसेही काढू". घराचा हप्ता ३१ हजार चालूच आहे, अडीअडचणीला २ लाखांची एफडी. शेवटी दादांनी विचारलंय की लिस्ट केली म्हणून तर इथवर आलो, मग आता मागे का सरायचं?

दादा, आधी हिशोब करू, मग लिस्टचं बघू. ६ लाखांवर महिन्याला साधारण २० हजार २०० चा हप्ता बसतो, तीन वर्षांत बँकेला ७ लाख २७ हजार परत जातात, म्हणजे व्याजच सव्वा लाखाच्या वर. त्यात एसआयपीचे ३६ हप्ते, ५ लाख ४० हजार, भरलेच जाणार नाहीत. आणि सेव्हिंग संपलेलं, त्यामुळे कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर हाताशी फक्त ती एफडी, तुमच्या खर्चाने जेमतेम अडीच महिने. त्यामुळे या लोनला माझं स्पष्ट नाही.

पण तुमचा खरा प्रश्न लिस्टचा आहे. आपल्याकडे म्हणतात ना, काशीस जावे नित्य वदावे. घोकत राहिलं की एक दिवस जाणं होतं हे खरंच आहे, माझ्या आजीचं झालं पण ती एकच नाव घोकायची हो. ३१ नावं घोकणाऱ्याचं काय होतं ते मी क्लायंट लोकांच्या बँक स्टेटमेंटमध्ये बघतो, वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग एका रात्रीत ऑफर दिसली म्हणून टोकन भरलं. लिस्टने इच्छा जागी राहते, पण ती इच्छा आपली की रील बघून चिकटलेली, हे लिस्ट सांगत नाही. आणि खर्चाच्या बाबतीत लिस्टची एक खोड आहे, तिला टिकमार्क हवा असतो, बाकी कशाशी देणंघेणं नसतं.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ग्रुप टूरने स्वित्झर्लंडला गेलो, युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, आयुष्यात एकदा तरी वगैरे. वर पोचलो तर समोर पांढरं. म्हणजे बर्फ नाही, ढग. काचेच्या पलीकडे कुणीतरी धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं दिसत होतं, आणि सगळे त्या चादरीसमोर उभे राहून फोटो काढत होते, मीही काढला. खाली आल्यावर कळलं की वरचे लाइव्ह कॅमेरे असतात, लोक सकाळी ते बघून मग तिकीट काढतात. पण आमचा दिवस टूरवाल्यांनी सहा महिने आधीच ठरवलेला, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तेव्हा आम्ही बसमध्ये.

नॉर्दर्न लाइट्सचं तर याहून कठीण आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रोग्राममध्ये ते लाइट्स जिथे दिसतात त्या नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला फक्त २ रात्री आहेत, बाकी दिवस राजधान्या आणि बस. ट्रॉम्सो समुद्राकाठचं, ढग येणारच. म्हणून तिथले गाइड रात्री गाडी काढून आतल्या कोरड्या भागात जातात, कधीकधी पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत, मोकळं आभाळ शोधत. दोन्ही रात्री ढगाळ गेल्या तर ९ लाखांत चादरच बघून याल. इथे पैसे चार देशांवर उधळण्यापेक्षा एकाच ठिकाणच्या रात्री वाढवण्यात शहाणपण आहे, ६ रात्री मिळाल्या तर गोष्ट वेगळी.

आणि "सूर्याचं मॅक्सिमम चालू आहे, हे चुकलं तर ११ वर्षं थांबा" असं एजंट म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. सूर्याच्या हालचाली वाढण्या-कमी होण्याचं ११ वर्षांचं चक्र असतं हे बरोबर, पण त्याचा फायदा जास्त करून दक्षिणेकडच्यांना, मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेहूनसुद्धा आभाळ लालसर दिसलं होतं ते यामुळेच. ट्रॉम्सो हे लाइट्स नेहमी दिसतात त्या पट्ट्यातच आहे, तिथे सूर्य शांत असतानाही दिसतात. सीझन सप्टेंबरअखेर ते मार्च, म्हणजे दिवाळीची सुट्टी चालते, शाळा बुडवायला नको.

तर मी काय करीन. ३ लाखांतले १ लाख आधी एफडीत टाका, इमर्जन्सी ३ लाखांची होईल, तीही कमीच आहे पण चालेल. २ लाख ट्रिपला वेगळे. एसआयपी बंद नाही करायची, दोन वर्षांपुरती १५ ची १० करा. ते ५ आणि तुमचे "कसेही काढू" वाले ५, अशी १० हजारांची आरडी पगाराच्या दुसऱ्या दिवशी लावा (ते ५ खरंच निघतात का हे तीन महिन्यांत कळेल, हप्ता सुरू झाल्यावर कळण्यापेक्षा बरं). २४ महिन्यांत २ लाख ४० हजार, दोन बोनसचे थोडे कमीच धरून २ लाख ४० हजार, आधीचे २ लाख मिळवून एकूण ६ लाख ८० हजार, व्याज वेगळं. स्वतः बुकिंग करून, फक्त नॉर्वे धरून, माझ्या ढोबळ हिशोबाने तिघांचं साडेसहा ते सात लाखांत बसायला हवं. नॉर्वेसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे, मुलांना ६ ते १२ पूर्ण होईपर्यंत निम्मी, दोन वर्षांनी मुलीचीही पूर्ण लागेल, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पॅकेज घेतलंच तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वरून घेतात, रिटर्न भरताना वळता होतो पण तोवर पैसे अडकतात, तेवढी सोय ठेवा.

टोकनचे २५ हजार भरलेत म्हणता. कॅन्सलेशनची अट वाचा, गेले तर गेले, २५ हजार वाचवायला सव्वा लाखाचं व्याज भरू नका.

तुमच्या पत्रात एक ओळ होती, बहुतेक सहज लिहिलेली. मागच्या जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात, मुलगी गाडीत झोपलेली, तिला उठवून बाहेर आणलं तर ती कितीतरी वेळ बोललीच नाही, आणि नंतर हळूच म्हणाली की हे कोण लावतं? पेट्रोल आणि जेवण धरून २,१०० रुपये लागले असंही तुम्हीच लिहिलंय. भंडारदरा तुमच्या ३१ मध्ये आहे का हो? नाहीये, मी दोनदा तपासली यादी. पण त्या ओळीमुळेच मला वाटतं की नॉर्दर्न लाइट्स तुमच्या घराला मानवतील, अंधारात उभं राहून वाट बघायची सवय तुम्हाला आहे. दुबईचं फ्रेम आणि पॅरिसचा टॉवर कुणी लिहिलंय ते मात्र घरात विचारून घ्या, आणि वहिनींची स्वतःची यादी वेगळी मागवा, तुमच्या पत्रात त्यांना काय हवंय हे कुठेच आलेलं नाही.

दोघांच्या याद्या आणि आरडीची पहिली पावती पाठवा, मग तिकिटं कधी काढायची ते बोलू.